चित्रामागची ओळ

एसटी घाटात शिरली की नेट जातं. उघडलेल्या पानावर मजकूर येतो, पण फोटोच्या जागी नुसती करडी चौकट राहते. त्या चौकटीच्या कोपऱ्यात कधीकधी एखादी छोटी ओळ दिसते, ‘रायगडाचा महादरवाजा, पावसाळ्यात’ अशी. बऱ्याचदा मात्र तिथे काहीच नसतं. नाहीतर ‘आयएमजी ००४३’ असलं काहीतरी असतं, जे फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्यानं ठेवलेलं नाव असतं आणि ज्यातून कुणालाच काही कळत नाही.

या ओळीला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ऑल्ट म्हणजे पर्यायी. चित्र नसेल तेव्हा चित्राच्या जागी उभी राहणारी ओळ.

वेबसाइट गुगलमध्ये वर यावी म्हणून फोटोंचं काय करायचं, याची एक यादी या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. फाइलला नीट नाव द्या. ऑल्ट टेक्स्ट लिहा. फोटोचं वजन कमी करा. लांबी-रुंदी आधीच सांगून ठेवा. फोटोच्या आजूबाजूला त्याच्याबद्दलचाच मजकूर असू द्या. मी काही वर्षं वेबसाइट्सच्या मजकुराचं काम करते, आणि ही यादी मला अनेकांनी अनेकदा शिकवली आहे. शिकवताना प्रत्येकाचा सूर एकच असतो, ‘गुगलला हे आवडतं.’ जणू गुगल म्हणजे घरातलं एखादं खडूस वडीलधारं माणूस आहे. त्याला काय आवडतं ते जपायचं, का आवडतं ते विचारायचं नाही.

मला ते ‘का’ शोधायचं होतं. शोधत मागे गेल्यावर लक्षात आलं, की या यादीतल्या बहुतेक गोष्टी गुगलचा जन्म होण्याआधीच्या आहेत. त्या माणसांसाठी केल्या गेल्या होत्या. ज्यांना दिसत नाही, ज्यांची लाइन हळू आहे, ज्यांच्याकडे चित्र दाखवणारा संगणकच नाही, अशा माणसांसाठी. सर्च इंजिन नंतर आलं आणि त्यांच्याच रांगेत येऊन उभं राहिलं.

अक्षरांच्या घरात चित्र

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं, तेव्हा ते मुख्यतः अक्षरांचं होतं. शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांना जोडायचे, हा उद्देश. चित्र बघायचं असेल तर दुव्यावर क्लिक करायचं आणि ते वेगळ्या खिडकीत उघडायचं.

२५ फेब्रुवारी १९९३ रोजी इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रीसन या विशीतल्या विद्यार्थ्यानं वेबवर काम करणाऱ्यांच्या ईमेल यादीवर एक प्रस्ताव टाकला. ‘आयएमजी’ नावाचा नवा टॅग घ्यावा, म्हणजे चित्र मजकुराच्या मधोमध दिसेल. त्यावर बरीच चर्चा झाली. काहींना ही घाई वाटली. फक्त चित्रंच का, कुठलीही फाइल पानात बसवता येईल अशी व्यापक सोय करू, असंही सुचवलं गेलं. अँड्रीसन थांबला नाही. त्याच वर्षी त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या ‘मोझॅक’ या ब्राउझरमध्ये चित्रं मजकुराच्या शेजारी येऊन बसली, आणि वेबचा चेहरामोहरा बदलला.

अँड्रीसनच्या त्या मूळ प्रस्तावात चित्राबद्दल एकच गोष्ट सांगणं सक्तीचं होतं, ती म्हणजे चित्र कुठे ठेवलंय त्याचा पत्ता. चित्रात काय आहे हे सांगायची सोय त्यात नव्हती.

पण तेव्हा चित्र न दिसणारी माणसं भरपूर होती. कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला ‘लिंक्स’ हा ब्राउझर फक्त अक्षरं दाखवायचा. अनेक जण पैसे आणि वेळ वाचवायला चित्रं बंद करून ठेवायचे. आणि अंध वाचक होते, ज्यांचा संगणक पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवायचा. या सगळ्यांसाठी टॅगमध्ये आणखी एक जागा आली, ऑल्टची. नोव्हेंबर १९९५मध्ये एचटीएमएल २.० हे मानक प्रसिद्ध झालं, त्यात ती आहे. चित्र काही कारणानं दाखवता येत नसेल, किंवा वाचकालाच नको असेल, तर त्याच्या जागी वापरायचा मजकूर, असा तिचा अर्थ. डिसेंबर १९९७च्या एचटीएमएल ४.०नं ती सक्तीची केली. १९९९मध्ये वेब सर्वांना वापरता यावं यासाठी पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांतलं पहिलंच कलम होतं, चित्राला मजकुराचा पर्याय द्या.

म्हणजे नियम १९९७पासून होता. पाळला किती जणांनी, ते पुढे येईलच.

बंगळूरचा मुलगा आणि फोटोचं वजन

यादीतलं दुसरं कलम वजनाचं.

नव्वदच्या दशकातला चांगल्यापैकी मोडेम सेकंदाला २८.८ किलोबिट माहिती आणायचा. त्या वेगानं १०० केबीचा एक फोटो उतरायला साधारण अर्धा मिनिट लागायचं. फोटो वरून खाली, पट्टी-पट्टीनं उलगडायचा. भारतात विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या लाइनवरून येणारं पान बघत बसणं हा धीराचा खेळ होता. तुमच्या घरात त्या काळचं कुणी असेल तर विचारा, मोडेमचा तो किर्र आवाज अजून तोंडानं काढून दाखवतील.

वजन कमी करायच्या युक्त्या त्याआधीच निघाल्या होत्या. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीनं १९८७मध्ये जीआयएफ आणलं, पण त्यात एका चित्रात फक्त २५६ रंग मावायचे. रेखाचित्राला, लोगोला ठीक. माणसाच्या चेहऱ्याला अपुरे. फोटोचा प्रश्न सोडवला जेपीईजीनं, आणि जेपीईजीच्या पोटात जे गणित आहे त्याची गोष्ट आपल्याकडच्या एका माणसापाशी जाते.

नासिर अहमद यांचा जन्म १९४०चा, बंगळूरचा. पुढे ते अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२मध्ये त्यांनी एका कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. परीक्षकांना कल्पना फारच साधी वाटली, असं अहमद यांनी नंतर लिहिलं आहे. तरी त्यांनी ती सोडली नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म.

नाव अवघड आहे, काम समजायला सोपं आहे. जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनात रंग हळूहळू किती बदलतो आणि झटपट किती बदलतो, हे या गणितानं वेगवेगळं काढता येतं. आकाशाचा तुकडा घ्या, त्यात जवळपास सगळा बदल हळू असतो. आणि आपल्या डोळ्याला हळू बदल चांगला कळतो, बारीक खरखर फारशी कळत नाही. मग ती खरखर ढोबळमानानं साठवायची किंवा टाकूनच द्यायची. फोटो पूर्वीच्या दहाव्या हिश्शाएवढा झाला तरी बघणाऱ्याला फरक पटकन जाणवत नाही. तुम्ही ‘फोटो कॉम्प्रेस करा’ असं ऐकता तेव्हा मुख्यतः याच खरखरीला कात्री लागत असते. फार कापलं की आठ बाय आठचे चौकोन उघडे पडतात. दहा वेळा फॉरवर्ड झालेल्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाचे गाल फरशीसारखे दिसतात ते यामुळेच.

१९९२मध्ये जेपीईजी मानक झालं, वर्षभरात मोझॅक आलं. साधी वाटून नाकारली गेलेली ती कल्पना आज तुमच्या फोनमधल्या जवळपास प्रत्येक फोटोत आहे.

न पाहणारं यंत्र

१९९८मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी त्यांच्या नव्या सर्च इंजिनवर निबंध लिहिला. गुगलची ती पहिली सविस्तर ओळख. त्यात एक साधं निरीक्षण आहे. चित्रासारख्या गोष्टी मजकुरावर चालणाऱ्या सर्च इंजिनला वाचता येत नाहीत. पण त्यांच्याकडे नेणाऱ्या दुव्यावर जे शब्द असतात, ते वाचता येतात. म्हणजे ज्याला स्वतःला वाचा नाही, त्याच्याबद्दल इतर लोक काय म्हणतात ते ऐकायचं.

दोन वर्षांनी या प्रश्नाला तातडी आली. २३ फेब्रुवारी २०००च्या ग्रॅमी सोहळ्यात जेनिफर लोपेझ हिरवा व्हर्साची ड्रेस घालून आली, आणि जग तो ड्रेस शोधायला गुगलवर धावलं. गुगलनं तोवर पाहिलेला हा सर्वांत लोकप्रिय शोध होता, असं एरिक श्मिट यांनी २०१५मध्ये लिहिलं. लोकांना हवा होता फोटो. गुगलकडे द्यायला होते निळे दुवे. जुलै २००१मध्ये गुगल इमेजेस सुरू झालं, तेव्हा त्यात २५ कोटी चित्रं होती.

ती चित्रं यंत्रानं ‘पाहिली’ नव्हती. त्या काळी एखाद्या फोटोत मांजर आहे की मोटरसायकल, हे संगणकाला सांगता येत नव्हतं. मग यंत्रानं काय वाचलं? फाइलचं नाव. फोटोखालची ओळ. आजूबाजूचा परिच्छेद. पानाचं शीर्षक. आणि ऑल्ट टेक्स्ट.

अंध वाचकासाठी ठेवलेली जागा यंत्राला आयती मिळाली, कारण या बाबतीत दोघांची गरज एकच होती. दोघांनाही चित्रात काय आहे ते कुणीतरी शब्दांत सांगायला हवं होतं. फरक एवढाच, की अंध वाचकासाठी ती ओळ लिहायला बाजार तयार नव्हता आणि गुगलसाठी एका पायावर तयार झाला.

ओळ कुणाची?

त्याच काळात सिडनीत काय चाललं होतं ते बघा. २०००च्या ऑलिम्पिकची अधिकृत वेबसाइट एका अंध नागरिकाला वापरता येत नव्हती. चित्रांना आणि चित्ररूपी दुव्यांना ऑल्ट टेक्स्ट नव्हतं. सगळ्या खेळांच्या यादीपर्यंत जायचा रस्ता त्यांच्या स्क्रीन रीडरला सापडत नव्हता. त्यांनी १९९९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोजन समितीचं म्हणणं पडलं, की दुरुस्तीचा खर्च आणि त्रास आम्हाला झेपणारा नाही. आयोगानं ते मान्य केलं नाही. २४ ऑगस्ट २०००ला, स्पर्धा तीन आठवड्यांवर आली असताना, निकाल तक्रारदाराच्या बाजूनं लागला. समितीनं तरी सगळ्या गोष्टी दुरुस्त केल्या नाहीत. पुढे तिला २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीवर तिथल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेनं २००६मध्ये दावा लावला. वेबसाइटवरच्या वस्तूंच्या फोटोंना ऑल्ट टेक्स्ट नाही, त्यामुळे अंध ग्राहकाला खरेदीच करता येत नाही, ही मुख्य तक्रारींपैकी एक होती. २००८मध्ये ६० लाख डॉलरवर तडजोड झाली.

म्हणजे एका बाजूला माणसं कोर्टात जाऊन एक ओळ मागत होती. दुसऱ्या बाजूला हीच ओळ रँकिंगसाठी ठासून भरली जात होती. एका हॉटेलच्या खोलीचा फोटो, आणि त्याच्यामागे ‘पुणे हॉटेल, स्वस्त हॉटेल पुणे, बेस्ट हॉटेल पुणे, पुणे स्टेशन हॉटेल, हॉटेल बुकिंग पुणे’. डोळस वाचकाला हे दिसत नाही. पण स्क्रीन रीडर हे सगळं एका सुरात वाचतो, पानावर असे वीस फोटो असतील तर वीस वेळा. ज्याच्यासाठी खिडकी ठेवली होती, त्याच्याच कानात त्या खिडकीतून भोंगा वाजू लागला.

गुगललाही हे नको होतं, कारण शब्द खोटे असले की शोध खोटा पडतो. २००७मध्ये गुगलच्या मॅट कट्स यांनी एका छोट्या व्हिडिओत लोकरीच्या गुंड्याशी खेळणाऱ्या आपल्या मांजरीचा फोटो घेऊन समजावलं, की ऑल्टमध्ये चित्राचं साधं, नेमकं वर्णन द्या. शब्दांची खोगीरभरती करू नका. गुगलची आजची लेखी सूचनाही तेच सांगते.

याच दरम्यान कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन यांनी एक वेगळीच वाट काढली होती. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन जणांना एकच चित्र दाखवायचं, आणि दोघांनी एकच शब्द लिहिला की गुण. खेळता खेळता चित्रांना नावं मिळत. २००६मध्ये गुगलनं हा खेळ ‘इमेज लेबलर’ नावानं आणला आणि २०११मध्ये बंद केला. जगातली सर्वांत श्रीमंत होऊ घातलेली कंपनी चित्राला नाव देण्यासाठी लोकांच्या फावल्या वेळावर अवलंबून होती. चित्र ओळखणं किती अवघड होतं, याचा अंदाज यावरून यावा.

पुन्हा वजन, या वेळी फोनवर

मधल्या काळात ब्रॉडबँड आलं आणि वजनाची काळजी मागे पडली. मग फोन आले. ऑफिसच्या मोठ्या पडद्यासाठी केलेला दोन एमबीचा फोटो तळहाताएवढ्या पडद्यावर, डेटा पॅक जाळत उतरू लागला.

एप्रिल २०१०मध्ये गुगलनं जाहीर केलं, की साइटचा वेगही रँकिंगमध्ये मोजला जाईल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी वेबपी हा नवा प्रकार आणला, जेपीईजीपेक्षा हलका. पण तो सगळीकडे चालायला दहा वर्षं गेली. आयफोनवर तो २०२०मध्ये पोचला. एकाच फोटोच्या लहान-मोठ्या आवृत्त्या ठेवून फोनला सोयीची आवृत्ती निवडू द्यायची, ही कल्पना तर मुख्यतः साइट बांधणाऱ्या सामान्य डेव्हलपरनी लावून धरली, आणि ती ब्राउझरमध्ये बसवण्याच्या कामासाठी २०१४मध्ये वर्गणीही काढली. २१ एप्रिल २०१५पासून गुगलनं मोबाइलवरच्या शोधात मोबाइलला सोयीच्या पानांना झुकतं माप दिलं. २०१८मध्ये मोबाइलवरचा वेग मोजायला सुरुवात झाली, आणि २०२१मध्ये ‘कोअर वेब व्हायटल्स’ रँकिंगमध्ये आले.

यातली दोन मापं तुमच्या रोजच्या अनुभवातली आहेत. पहिलं, पडद्यावरची सगळ्यात मोठी गोष्ट, जी बहुतेकदा वरचा फोटोच असते, अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे. दुसरं, पान हलता कामा नये. तुम्ही बातमी वाचत असता, वरचा फोटो उशिरा उतरतो, मजकूर धाडकन खाली सरकतो आणि तुमचं बोट भलत्याच जाहिरातीवर पडतं. हे टाळायचा उपाय अगदी जुना आहे. फोटोची लांबी-रुंदी आधी सांगा, म्हणजे ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. नेटस्केप ब्राउझरनं ही सोय नव्वदच्या दशकात मोडेमवाल्यांसाठी केली होती. मधल्या काळात लोक ती विसरले. गुगलनं त्यावर गुण लावल्यावर पुन्हा आठवली.

आणि मराठी?

आता मला ज्याची खरी टोचणी आहे, तिथे येते.

वेबच्या पहिल्या दहा वर्षांत मराठी मजकूरच सर्च इंजिनसाठी चित्रासारखा होता. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासूनच जागा होती, पण घरोघरच्या संगणकांत तिचा आधार नव्हता. विंडोज २०००बरोबर मंगल हा फाँट आला तेव्हा ती सोय हळूहळू पसरू लागली. तोवर मराठी साइट्स आपापले फाँट वापरायच्या. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. माणसाला पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसे. यंत्राला मात्र इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग. काही जण तर फाँटची कटकट नको म्हणून मथळे आणि मजकूर सरळ चित्र करून टाकत. वाचणाऱ्याला दिसे, शोधणाऱ्याला सापडत नसे. त्या काळातलं कितीतरी मराठी लेखन असं पडद्यावर असूनही शोधाच्या बाहेर राहिलं.

युनिकोड रुळलं. १ मे २००३ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. २०१६नंतर स्वस्त डेटानं गावोगावी इंटरनेट पोचलं. आणि मग आपण काय केलं? मराठी मजकूर पुन्हा चित्रात कोंबला. सुविचार चित्रात, कविता चित्रात, लग्नाची पत्रिका चित्रात, ग्रामपंचायतीची पाणीपुरवठ्याची सूचना चित्रात, शाळेचं वेळापत्रक चित्रात. गुलाबाच्या फुलावर पिवळ्या अक्षरांत कविता फिरते, चार फॉरवर्डनंतर कवीचं नाव कापलं जातं, आणि ती कुणाची हे शोधायला कुठे एक टाइप केलेली ओळही नसते.

आणि खऱ्या फोटोंचं? मी कामासाठी जेवढे मराठी फोटो हाताळले, त्यांतल्या बहुतेकांना ओळ नव्हतीच. असली तर इंग्रजीत, आणि तीही ‘इंडियन फूड’ इतकी. एखाद्या ताईंनी भाजणी भाजून, केळीच्या पानावर थापून, मधोमध भोक पाडून तेल सोडलेलं थालीपीठ असतं. त्याच्यामागे ‘इंडियन फूड’ लिहिलं की ते जगातल्या कोट्यवधी ताटांत विरघळून जातं. ‘थालीपीठ’ हा शब्द देवनागरीत टाइप करणाऱ्या मुलीला ते सापडायची शक्यता उरत नाही. मराठी वाचणाऱ्या अंध मुलालाही नाही. अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक आज मराठी वाचून दाखवतो. वाचायला ओळ मात्र हवी.

यंत्राला दिसू लागलं तरी

इथे कुणी म्हणेल, आता यंत्राला दिसतं की. खरं आहे. फेई-फेई ली यांच्या चमूनं २००९मध्ये इमेजनेट हा लाखो नावाजलेल्या चित्रांचा संग्रह मांडला. २०१२मध्ये त्यावरच्या स्पर्धेत ॲलेक्सनेटनं मोठी झेप घेतली. ‘नावाजलेल्या’ म्हणजे माणसांनी एकेक चित्र बघून नाव दिलेल्या. यंत्राची नजरही माणसांनी लिहिलेल्या शब्दांवरच तयार झाली. २०१६मध्ये फेसबुक अंधांसाठी चित्रांचं आपोआप वर्णन करू लागलं. २०१७मध्ये गुगल लेन्स आली. ती चित्रातली देवनागरीही वाचते.

३ जुलै २०१९ला फेसबुकवरची चित्रं काही तास दिसेनाशी झाली. जगभरच्या डोळस लोकांना त्या दिवशी चौकटीत पहिल्यांदाच ती ओळ दिसली, ‘चित्रात असू शकतं : एक किंवा अधिक माणसं, आकाश, बाहेरचा परिसर’ अशा अर्थाची. अनेक जण दचकले, की यंत्र आपले फोटो असे वाचतं तर! अंध वापरकर्त्यांना त्यात नवं काही नव्हतं. ते तीन वर्षं हेच ऐकत होते.

तेव्हापासून यंत्रं खूप सुधारली. ‘झाडाखाली उभ्या असलेल्या, नऊवारी नेसलेल्या चार बायका’ इथपर्यंत ती येतात. पण त्या चौघी धरणग्रस्त आहेत, झाड उद्या पाण्याखाली जाणार आहे, म्हणून हा फोटो काढला, हे फोटोतल्या ठिपक्यांत कुठेच नसतं. ते फोटो काढणाऱ्याला, छापणाऱ्याला माहीत असतं. गुगलही म्हणूनच आज यंत्राच्या नजरेसोबत ऑल्ट टेक्स्ट आणि पानावरचा मजकूर, दोन्ही बघतं.

भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात देणं बंधनकारक केलं. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलं. म्हणजे १९९७चा तो तांत्रिक नियम आपल्याकडे आता हक्काच्या भाषेत आला आहे.

ओळ लिहिताना मी एक साधी कसोटी लावते. फोनवरून आजीला हा फोटो सांगायचा असता तर काय म्हटलं असतं? ‘फोटो’ किंवा ‘चित्र’ या शब्दानं सुरुवात केली नसती, कारण ते तिला माहीतच आहे. दहा वेळा ‘पुणे’ म्हटलं नसतं. ‘केळीच्या पानावर थापलेलं थालीपीठ, शेजारी लोण्याचा गोळा’ असं म्हटलं असतं. तेवढंच लिहायचं, मराठीत. फाइलच्या नावातून कॅमेऱ्याचा आकडा काढून पदार्थाचं, गावाचं नाव घालायचं. कविता चित्रात टाकलीच असेल, तर ती खाली टाइपही करायची, कवीच्या नावासकट.

हे वेबसाइट असलेल्यांनीच करायचं असं नाही. इन्स्टाग्रामनं २०१८पासून स्वतःच्या फोटोला अशी ओळ द्यायची सोय दिली आहे. विकिमीडिया कॉमन्सवर २०१९पासून कुठल्याही चित्राला कुठल्याही भाषेत छोटी ओळ जोडता येते. तिथे आपल्या किल्ल्यांचे, लेण्यांचे, जत्रांचे, पदार्थांचे भरपूर फोटो आहेत. आपल्या गावाचं नाव टाकून तिथे एकदा शोधा, आणि मराठी ओळीची जागा रिकामी दिसली तर ती भरा. फोनवरून एक-दोन मिनिटांत होतं.